पॅकेजमधला ईसीजी: आलेख भरवशाचा, यंत्राचं निदान तपासून घ्यायचं

‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात रक्त-लघवी, सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे यांच्या जोडीला ईसीजी (हृदयाच्या विजेचा आलेख) हमखास असतो. सुटा काढला तर शहरात साधारण दीडशे ते पाचशे रुपये, पॅकेजात तर फुकट दिल्यासारखाच. सुई नाही, रेडिएशन नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि तिच्या कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं: ‘ॲबनॉर्मल ईसीजी’. माणूस धडधाकट, छातीत काही नाही, धाप नाही. घरात मात्र त्या रात्री कुणी झोपत नाही.

हे परीक्षण या सेवेचं आहे: लॅबमध्ये, सोसायटीच्या शिबिरात किंवा घरी येऊन काढला जाणारा ईसीजी, आणि त्यावर यंत्राने छापलेला शेरा. आधी निकाल सांगतो. आलेख म्हणून ही सेवा पैसा वसूल आहे. निदान म्हणून ती अर्धवट आहे. आणि रिपोर्टवर डॉक्टरची सही नसेल तर तो रिपोर्ट पुरा झालेलाच नाही, असं धरून चालावं.

एक गोष्ट मात्र पुढचं वाचण्याआधी. छातीत दाब, जडपणा किंवा जळजळ पंधरा-वीस मिनिटांहून जास्त टिकली आहे, दुखणं जबडा, खांदा, हात किंवा पाठीकडे जातं आहे, दरदरून घाम, धाप, चक्कर, शुद्ध हरपणं, यातलं काही आत्ता होत असेल तर कागद वाचत बसू नका. १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. शक्य असेल तर २४ तास कॅथलॅब (हृदयाच्या शिरेतला अडथळा उघडण्याची खोली) चालणारं रुग्णालय गाठा. ते दूर असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जिथे देतात ते जवळचं रुग्णालय बरं. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवरचे डॉक्टर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला सांगतात. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये, रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. अशा वेळी ईसीजी नॉर्मल आला तरी सुटका नाही. झटक्याच्या सुरुवातीला आलेख साफ दिसू शकतो, म्हणून रुग्णालयात तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) बघतात. ‘ईसीजी नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी पाठवणं ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मधुमेही आणि बायकांच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्यांचं दुखणं पुस्तकातल्यासारखं येत नाही.

लक्षणं नाहीत, फक्त कागद खराब आहे? मग घाई नको.

यंत्र काय करतं ते बघू. ते दहा सेकंदांची नोंद घेतं, ठोक्यांची सरासरी काढतं, उंची आणि कालावधी मोजतं आणि आत भरलेल्या मर्यादांशी ताडून पाहतं. या मर्यादा वय आणि लिंगानुसार बदलतात. म्हणून तंत्रज्ञाने घाईत वय टाकलं नसेल किंवा आधीच्या माणसाचंच वय तसंच राहिलं असेल, तर शेराही चुकीच्या माणसाला लावलेला असतो. शिवाय बनवणाऱ्यांचा कल असा, की एखादा आजार निसटण्यापेक्षा दहा जणांना उगाच घाबरवलेलं परवडलं. ठोक्यांची गती, पीआर आणि क्यूआरएस (ठोक्याच्या टप्प्यांचा कालावधी), अक्ष (विजेच्या प्रवाहाची दिशा) ही मोजमापं यंत्र चांगली करतं. जुना झटका ओळखणं, अनियमित ताल ओळखणं आणि थरथरीतून खरी लाट वेगळी काढणं यात ते कच्चं आहे. पानावर कुठेतरी ‘अनकन्फर्म्ड’ (डॉक्टरने अजून न तपासलेला) छापलेलं असतं ते याचसाठी.

आता या सेवेतला खरा कच्चा दुवा: तंत्रज्ञाचा हात. बारा लीडचा (लीड म्हणजे हृदयाकडे बघायचा एक कोन) आलेख दहा तारांतून येतो. चार हातापायांच्या चिमट्यांच्या, सहा छातीवरच्या. आपल्याकडे बहुतेक यंत्रांवर उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी आणि उजव्या पायाला काळी तार असते. दोन हातांच्या तारा उलटसुलट झाल्या की लीड वनमधलं सगळं उलटं होतं, आणि यंत्र सरळ ‘लॅटरल इन्फार्क्ट’ (बाजूच्या भिंतीचा झटका) किंवा ‘एक्टॉपिक एट्रियल ऱ्हिदम’ (ठोका भलत्या जागेतून) असं काहीतरी छापून मोकळं होतं. उजवा हात आणि उजवा पाय बदलले तर लीड टू जवळजवळ सपाट रेघ दाखवतं.

छातीवरची चूक याहून जास्त होते आणि कळतही नाही. व्ही-१ आणि व्ही-२ या तारा छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना, चौथ्या फासळीजागेत (दोन बरगड्यांमधल्या जागेत) बसायला हव्यात. ती जागा डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी मोजावी लागते. गळ्याच्या खाचेतून बोट खाली सरकवलं की काही सेंटिमीटरवर हाडाचा आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिच्या खालची जागा दुसरी, मग तिसरी, मग चौथी. त्यानंतर व्ही-४ पाचव्या जागेत, कॉलरबोनच्या मध्यापासून खाली उतरणाऱ्या रेषेवर. व्ही-३ त्याच्या आणि व्ही-२ च्या मधोमध. व्ही-५ आणि व्ही-६ व्ही-४ च्याच आडव्या पातळीत, काखेच्या पुढच्या कडेला आणि काखेच्या मध्याला. शिबिरात तासाला वीस-तीस माणसं उरकायची असली की कुणी बरगड्या मोजत नाही. व्ही-१, व्ही-२ एक-दोन जागा वर लागतात, आणि कागदावर येतं ‘इनकम्प्लीट आरबीबीबी’ (उजव्या बाजूच्या विजेच्या वाटेत अर्धवट अडथळा) किंवा ‘सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड’. हृदयाला काहीही झालेलं नसताना.

बायकांच्या बाबतीत अडचण आडोशाची असते. पडदा नाही, तंत्रज्ञ पुरुष, म्हणून कपड्यांवरून चाचपत तारा लावल्या जातात आणि व्ही-३ ते व्ही-६ वर-खाली होतात. महिला तंत्रज्ञ आणि बंद खोली मिळणार नसेल तर तिथे ईसीजी काढूच नये. पैसे वाया जातात. जाताना पुढून उघडणारा कुर्ता किंवा शर्ट घालावा. मंगळसूत्र काढायची गरज नसते, बाजूला सरकवलं की पुरे.

जेलचाही एक घोळ आहे. रबरी फुग्यांचे इलेक्ट्रोड लावताना छातीवर जेलचा एकच लांब पट्टा ओढला तर सहाही लीड एकमेकांना जोडले जातात आणि आलेख एकसारखे दिसू लागतात. प्रत्येक जागी वेगळा ठिपका हवा. तेल लावलेली छाती, पावडर, घाम, दाट केस यांनी पकड सुटते आणि रेघ समुद्रासारखी वरखाली होते. एसी फार गार असेल तर कुडकुडण्याने बारीक थरथर उमटते आणि यंत्राला ती एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) वाटू शकते. जिना चढून आल्यावर लगेच झोपवून काढलेला ईसीजीही कामाचा नाही. पाच मिनिटं पडून राहू द्यायला हवं.

कागद हातात आला की डॉक्टरकडे जाण्याआधी घरच्या घरी एवढं बघता येतं. नाव, वय, लिंग, तारीख, वेळ बरोबर आहेत का? यंत्राचं घड्याळ बऱ्याचदा चुकीचं असतं. कडेला २५ मिलिमीटर प्रतिसेकंद आणि १० मिलिमीटर प्रतिमिलिव्होल्ट लिहिलंय का? तिथेच एक चौकोनी खूण असते, ती दोन मोठे चौकोन उंच हवी. एकच चौकोन असेल तर आलेख अर्ध्या उंचीवर छापलाय. लीड वनमध्ये लाटा वर आणि एव्हीआर नावाच्या लीडमध्ये खाली हव्यात. उलटं असेल तर पहिला संशय तारांवर. (क्वचित हृदयच उजवीकडे असतं, तेव्हा व्ही-१ कडून व्ही-६ कडे जाताना लाटा वाढण्याऐवजी लहान होत जातात.) खालच्या कडेला फिल्टरचे आकडे असतात. ०.०५ ते १५० हर्ट्झ असेल तर उत्तम. ०.५ ते ३५ किंवा ४० असेल तर यंत्राने रेघ गुळगुळीत केली आहे, आणि त्या भरात एसटीचा भाग (ठोक्याच्या मोठ्या लाटेनंतरची रेघ) खोटा वर किंवा खाली दिसू शकतो. एसटीबद्दलचा शेरा असेल तर हा आकडा डॉक्टरांना जरूर दाखवावा.

आता शेऱ्यांकडे. काही वाचायलाच भयंकर वाटतात. ‘सायनस अरिदमिया’ (इथला सायनस नाकातला नाही, हृदयाच्या नेहमीच्या तालाचा) म्हणजे तरुण माणसाचा ठोका श्वासाबरोबर थोडा लवकर, थोडा उशिरा पडतो, इतकंच. ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’, गती ५० ते ६०: रोज पळणाऱ्याचं किंवा मेटोप्रोलॉल ही ठोके मंदावणारी गोळी घेणाऱ्याचं तसंच असायचं. नुसतं ‘लेफ्ट ॲक्सिस डेव्हिएशन’ (अक्ष डावीकडे झुकलेला) असेल तर बहुधा काही करायचं नसतं. फक्त लीड थ्रीमधली क्यू लाट (मोठ्या लाटेआधीचा खाली जाणारा खड्डा) निरोगी माणसातही दिसते आणि खोल श्वास रोखून पुन्हा काढलं की कित्येकदा नाहीशी होते. ती लीड टू आणि एव्हीएफमध्येही रुंद दिसली तर ‘इन्फिरियर इन्फार्क्ट’ (खालच्या भिंतीचा झटका) हा शेरा गंभीरपणे घ्यायचा. सडपातळ पोराच्या ईसीजीवर ‘एलव्हीएच’ (हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड) आलं तर कारण बहुधा पातळ छाती. पण पंधरा वर्षांच्या बीपीवाल्याच्या कागदावर तेच, एसटी-टी बदलांसकट, आलं तर हृदयाची भिंत खरोखर जाड झालेली असू शकते.

‘राइट बंडल ब्रांच ब्लॉक’ने, म्हणजे आरबीबीबीने, सगळ्यात जास्त घबराट होते, कारण लोकांना वाटतं शिरेत ब्लॉकेज निघालं. इथला अडथळा हृदयातल्या विजेच्या वाटेवरचा आहे, रक्तवाहिनीशी त्याचा संबंध नाही. तो एकटा असेल, माणूस ठणठणीत असेल तर एक इको (हृदयाची सोनोग्राफी) करून विषय मिटतो. डाव्या बाजूचा, म्हणजे एलबीबीबी, मात्र तसा सोडून देऊ नये. तो नव्याने दिसला तर इको लागतोच, आणि छातीत दुखत असताना दिसला तर थेट रुग्णालय.

‘नॉनस्पेसिफिक एसटी-टी चेंजेस’ हा शेरा म्हणजे यंत्राचा खांदे उडवण्याचा प्रकार. काळजी, वेगाने घेतलेले श्वास, पोटॅशियम कमी होणं, थायरॉइड, औषधं, खरा हृदयविकार, सगळं त्यात बसतं. तरुण बायकांत व्ही-१ ते व्ही-३ मध्ये टी लाट (ठोक्याची शेवटची लाट) उलटी असणं बऱ्याचदा जन्मापासूनचं असतं. त्यापुढच्या लीडमध्येही उलटी असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तज्ज्ञाला दाखवावं. ‘पुअर आर वेव्ह प्रोग्रेशन’ (छातीवरच्या लीडमध्ये वर जाणारी लाट हवी तशी वाढत नाही) चुकीच्या जागी लावलेल्या तारांनी येतं, जाड छातीने येतं, फुफ्फुसांच्या जुनाट आजारात येतं आणि पुढच्या भिंतीच्या जुन्या झटक्यानेही येतं. तारा नीट लावून पुन्हा काढला की बरेच वगळले जातात. उरलेल्यांचा निकाल इको लावतो.

क्यूटी (एका ठोक्याच्या विजेचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा वेळ) लांबलेला दिसला तर औषधांची पिशवी उघडायची. क्यूटीसी, म्हणजे ठोक्यांच्या गतीनुसार दुरुस्त केलेला क्यूटी, पुरुषात ४५० आणि बाईत ४६० मिलिसेकंदांपर्यंत ठीक, ५०० च्या वर धोका. इथे एक पेच आहे: यंत्र सहसा बॅझेटच्या सूत्राने हिशेब करतं, आणि ठोके शंभराच्या वर असले की ते सूत्र आकडा फुगवतं. घाबरून नाडी ११० झालेल्या माणसाचा ४७० हा आकडा शांत झाल्यावर पुन्हा मोजावा. खरोखर लांबला असेल तर बघा: अझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, ऑन्डॅनसेट्रॉन, एस्सिटालोप्रॅम, आणि आपल्या घराघरांत सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल. त्यातलं डॉम्पेरिडोन हा या यादीतला हमखास विसरला जाणारा गडी. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासावं, आणि औषध डॉक्टरांना विचारून बदलावं. मनाने सगळं बंद करू नये.

लक्षणं नसली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत असे शेरे मोजके आहेत: एसटी एलिव्हेशन किंवा अक्यूट एमआय (ताजा झटका), कम्प्लीट हार्ट ब्लॉक, व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, १२० च्या वर गती असलेलं एट्रियल फिब्रिलेशन, ५०० वरचा क्यूटीसी, मूत्रपिंडाच्या रुग्णात टोकदार उंच टी लाटा. संथ एट्रियल फिब्रिलेशनही ‘त्रास नाही ना’ म्हणून पुढे ढकलू नये. ते अर्धांगाचं आमंत्रण आहे. आठवड्याच्या आत तज्ज्ञ, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), इको, आणि वय, बीपी, मधुमेह बघून रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निर्णय. ॲस्पिरिन त्या गोळीची जागा घेत नाही. ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ किंवा ‘ब्रुगाडा’ (हृदयातल्या विजेचे जन्मजात दोष) हे शब्द दिसले आणि कधी चक्कर येऊन पडल्याचा इतिहास असेल, तर हृदयाच्या तालाचं काम बघणारा तज्ज्ञच लागतो.

बाकीच्यांनी काय करायचं? त्याच आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो फिजिशियनच्या स्वतःच्या दवाखान्यात, ईसीजी पुन्हा काढायचा. जुना ईसीजी शोधायचा: ऑपरेशनच्या आधीचा, नोकरीच्या मेडिकलचा, कुठलाही. पाच वर्षांपूर्वीच्या कागदावर हीच रेघ असेल तर निम्मी काळजी तिथेच संपते. यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी तपासणी नाही, आणि हीच कुणी सुचवत नाही. सोबत बीपी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, टीएसएच, साखर. मग टू-डी इको, शहरात साधारण दीड ते तीन हजार. इको हृदयाची भिंत, झडपा आणि पंपाची ताकद दाखवतो. शिरांमधलं ब्लॉकेज थेट दाखवत नाही.

पॅकेजवाल्यांशी आमचं खरं भांडण क्रमाशी आहे. ईसीजी ॲबनॉर्मल आला की तिथल्या तिथे ट्रेडमिलवर चढवतात, कारण टीएमटी (ट्रेडमिलवर चालवत काढलेला ईसीजी) पॅकेजातच असते. इको आधी हवा. झडप फार अरुंद असेल तर ट्रेडमिल धोक्याची ठरते. एलबीबीबी असेल तर टीएमटीचा आलेख वाचताच येत नाही. आणि चाळिशीच्या आतल्या, धोका कमी असलेल्या बाईची टीएमटी ‘पॉझिटिव्ह’ आली तर ती खोटी असण्याचीच शक्यता जास्त. तिथून पुढे ‘सवलतीत अँजिओग्राफी’चा फोन येतो. लक्षणं नाहीत, इको साफ आहे, अशा माणसाने त्या फोनवर होकार देण्याआधी पॅकेजशी संबंध नसलेल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारावं. शंका उरलीच तर सीटी अँजिओग्राफीचा पर्याय असतो. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ साली लक्षणं नसलेल्या, कमी धोक्याच्या प्रौढांचा सरसकट ईसीजी काढू नये असं म्हटलं, ते याच साखळीमुळे. आपल्याकडे मधुमेह आणि बीपी लवकर गाठतात, त्यामुळे पस्तिशी-चाळिशीत एक नीट काढलेला ईसीजी जपून ठेवणं आम्हाला पटतं. दरवर्षी पॅकेजात आहे म्हणून काढणं पटत नाही.

ठिकाणांची तुलना थोडक्यात. फिजिशियनचा दवाखाना सगळ्यात बरा: डॉक्टर तिथेच, शंका आली तर लगेच पुन्हा काढतात. मोठ्या लॅबच्या केंद्रात यंत्र चांगलं, पण वाचणारा डॉक्टर दुसऱ्या शहरात आणि तुमची औषधं, बीपी त्याला माहीत नाहीत. घरी येऊन काढणारी सेवा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वरदान. छातीत दुखतंय म्हणून मात्र तिची वाट बघू नये. शिबिराला नापास.

घड्याळातला ईसीजी म्हणजे तीस सेकंदांचं एकच लीड. ॲपलच्या घड्याळात तो २०१८ च्या सिरीज ४ पासून आहे. अधूनमधून होणारी धडधड पकडायला तो झकास, कारण त्या क्षणी यंत्र मनगटावरच असतं. पीडीएफ काढून डॉक्टरांना पाठवता येते. झटका त्यात कळत नाही, कंपनी स्वतःच तसं सांगते.

शेवटी कागद सांभाळायची बाब. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापणारा असतो. दोन-चार वर्षांत रेघ पुसट होते. लॅमिनेट करायला दिलात तर गरम रोलरखाली सगळा काळा होईल. दिवसाउजेडात सपाट ठेवून फोटो काढा, चौकोन मोजता येतील इतका स्पष्ट, शिवाय एक झेरॉक्स. विम्याच्या मेडिकलमध्ये हाच शेरा आडवा आला तर फोटोसोबत इकोचा रिपोर्ट आणि हृदयरोगतज्ज्ञाचं दोन ओळींचं सही-शिक्क्याचं पत्र जोडावं. नुसत्या यंत्राच्या ओळीवर विमा कंपनी सहसा आणखी तपासण्या मागते.